रिकाम्या गाड्या

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा संयोजकांनी फर्मान काढलं, की सत्काराची भाषणं पुरे झाली. प्रत्येकाने शाळेतला एक धडा वीस मिनिटांत पुन्हा शिकवायचा आणि सर-बाईंनी बाकावर बसून ऐकायचं. चिठ्ठ्या उचलल्या गेल्या. कुणाला पानिपत मिळालं, कुणाला चक्रवाढ व्याज, आणि माझ्या चिठ्ठीत निघालं ‘पेशींमधील श्वसन आणि किण्वन’. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. जीवशास्त्राशी माझा रीतसर संबंध बारावीनंतर संपला. तरी मी चिठ्ठी बदलून मागितली नाही, कारण आपल्या वयाला आलेल्या माणसांनी पुन्हा वाचावा असा हा धडा आहे. का, ते शेवटाकडे सांगते. आपल्या वर्गातल्या दोघा डॉक्टरांनी हे टिपण आधी डोळ्यांखालून घातलं आहे, तेव्हा औषधपाण्याच्या भागाबद्दल निर्धास्त राहा.

आधी एक प्रश्न. पेशीला ऑक्सिजन कशाला लागतो?

‘जगायला’ हे उत्तर मार्क देण्यासारखं नाही. ‘अन्न जाळायला’ हे बरं उत्तर आहे, आणि त्याला मोठी परंपरा आहे. १७८३ साली पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं, आणि श्वसन म्हणजे एक प्रकारचं संथ ज्वलन आहे असं सांगितलं. जमाखर्च पाहिला तर ते खरंच आहे. एका बाजूला ग्लुकोज आणि ऑक्सिजन, दुसऱ्या बाजूला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. चुलीत साखर टाकली तरी हेच होतं.

जमाखर्च तोच असला, तरी रीत अगदी वेगळी आहे. चुलीत सगळी उष्णता एकदम बाहेर पडते. पेशीत तसं झालं तर पेशीच शिजून जाईल. आणि दुसरी गोष्ट मला फार आश्चर्याची वाटते. आपण आत घेतलेला ऑक्सिजन ग्लुकोजला कधी शिवतसुद्धा नाही. उच्छ्वासातून जो कार्बन डायऑक्साइड जातो, त्यातला ऑक्सिजन आपण नाकाने घेतलेला नसतो. तो अन्नातला आणि पाण्यातला असतो. नाकाने घेतलेल्या ऑक्सिजनचं शेवटी पाणी होतं. मग मधल्या वाटेत तो करतो काय?

त्यासाठी आपल्या शाळेमागचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. दिवाळी झाली की गळीत हंगाम सुरू व्हायचा आणि त्या रस्त्याने उसाच्या गाड्यांची रांग लागायची. फडात तोड चालू, मोळ्या बांधून गाडीत रचायच्या, गाडी कारखान्यावर न्यायची, काट्यावर वजन करायचं, गव्हाणीत ऊस टाकायचा आणि रिकामी गाडी घेऊन पुन्हा फडात. आज सकाळी येताना मला तीच रांग दिसली, फक्त बैलांपेक्षा ट्रॅक्टर जास्त. या रांगेत श्वसनाचा अख्खा धडा आहे.

ग्लुकोज फोडताना त्यातून हायड्रोजन निघतो. नेमकं बोलायचं तर ऊर्जेने भरलेले इलेक्ट्रॉन निघतात. ही आपली मोळी. मोळी हातात धरून कुणी चालत जात नाही, तशी पेशीतही ती वाहून न्यायला गाडी लागते. त्या गाडीचं नाव एनएडी. बी गटातल्या नायसिन या जीवनसत्त्वापासून शरीर हा रेणू बनवतं. पेशीकडे या गाड्या मोजक्याच असतात. एक गाडी एकदा वापरून टाकून द्यायची म्हटलं तर धंदा बसेल. तीच गाडी खाली करून पुन्हा पुन्हा फिरवायची असते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाकी सगळा धडा तिच्यामागे येतो.

पहिला टप्पा पेशीद्रव्यात होतो. सहा कार्बनचं ग्लुकोज फुटतं आणि तीन कार्बनच्या पायरुव्हिक आम्लाचे दोन रेणू होतात. यातून निव्वळ २ एटीपी मिळतात आणि २ गाड्या भरतात. इथे ऑक्सिजनचं नावसुद्धा नाही.

एटीपी म्हणजे पेशीतले सुटे पैसे. ग्लुकोज ही मोठी नोट. ती घेऊन दुकानदार छोटी वस्तू देत नाही. स्नायू आखडायचा असो की मेंदूत संदेश जायचा असो, पैसे एटीपीतच मोजावे लागतात. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांना हा रेणू सापडला. त्याच सुमारास अमेरिकेत, हार्वर्डमध्ये, सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनाही तो स्वतंत्रपणे सापडला. हे सुब्बाराव आंध्रातल्या भीमवरमचे. आपल्या शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी पाव किलोच्या आतच असतं, पण दिवसभर तेच मोडून पुन्हा भरलं जातं, आणि त्या सगळ्या उलाढालीची बेरीज जवळपास आपल्या वजनाएवढी होते. म्हणजे शिल्लक जवळजवळ नाही, सगळा व्यवहार रोजच्या रोज. हेही ध्यानात ठेवा.

दुसरा टप्पा तंतुकणिकेत होतो. ‘तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे’ हे वाक्य आपण इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहू. पायरुव्हिक आम्ल तिथे जाऊन पुरतं फुटतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि आणखी गाड्या भरतात. हान्स क्रेब्स यांनी १९३७ साली हे चक्र मांडलं. त्यांचा लेख ‘नेचर’ने परत पाठवला होता, तो दुसरीकडे छापून आला आणि १९५३ साली त्यांना नोबेल मिळालं. निबंध परत आलेल्या आपल्यातल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. एका ग्लुकोजमागे एकूण १० मोठ्या गाड्या भरतात आणि २ लहान.

तिसरा टप्पा म्हणजे गव्हाण. तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर प्रथिनांची एक माळ आहे. भरलेली गाडी तिथे आपले इलेक्ट्रॉन उतरवते आणि रिकामी होऊन परत फिरते. इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात. प्रत्येक उतरणीला जी ऊर्जा सुटते, तिच्या जोरावर पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन चढवले जातात. तिथे त्यांचा साठा होतो, धरणात पाणी साठावं तसा. मग कोयनेचं पाणी जसं जनित्र फिरवत खाली येतं, तसे हे प्रोटॉन एका प्रथिनातून खाली येतात आणि ते प्रथिन गरगर फिरून एटीपी तयार करतं. हे फिरणं नुसती उपमा नाही, ते प्रथिन खरोखरच फिरतं. प्रोटॉनच्या धरणाची ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली, तेव्हा फार थोड्यांना पटली. पुढे त्यांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातली एक जुनी पडकी हवेली दुरुस्त करून तिथेच प्रयोगशाळा थाटली आणि जेनिफर मॉइल यांच्यासोबत काम चालू ठेवलं. १९७८ साली त्यांना नोबेल मिळालं.

बाईंसाठी एक दुरुस्ती. त्या काळच्या पुस्तकांत एका ग्लुकोजमागे ३६ किंवा ३८ एटीपी असायचे. प्रत्येक गाडीमागे सरळ ३ एटीपी धरले की तो आकडा येतो. आता वाहतुकीचा खर्च वजा करून अडीच धरतात आणि हिशोब ३० ते ३२ वर येतो. तेव्हा ३८ लिहिणाऱ्यांचे मार्क कापू नयेत; पुस्तकच तसं होतं.

आता ऑक्सिजन. तो बसलाय सगळ्यात शेवटी. उसाचा रस काढून झाल्यावर जे चिपाड उरतं, ते गव्हाणीच्या पुढच्या टोकाला साचत गेलं तर काय होईल? (कारखान्यात ते बॉयलरला जातं, ते आत्ता बाजूला ठेवू.) आधी शेवटचा पट्टा तुंबेल, मग चरक थांबतील, मग गव्हाण भरून जाईल, गाड्या खाली होणार नाहीत, रांग रस्त्यावर येईल, आणि शेवटी दहा मैलांवरच्या फडात कोयते थांबतील, कारण मोळ्या रचायला रिकामी गाडीच नाही. ऑक्सिजन हा ते चिपाड उचलणारा आहे. ऊर्जा काढून घेतलेले इलेक्ट्रॉन तो शेवटी स्वतःकडे घेतो, प्रोटॉनशी जोडतो आणि त्याचं पाणी होतं. एवढंच त्याचं काम. पण तो हजर नसेल तर मागचं सगळं थांबतं.

माझ्या कामात हे रोजचं आहे. ‘सिस्टिम अडकली’ अशी तक्रार येते तेव्हा जिथे अडकलेली दिसते तिथे बिघाड क्वचितच असतो. टोकाला कुणीतरी घेणारा थांबलेला असतो आणि रांग मागे मागे सरकत दारापर्यंत आलेली असते.

आता किण्वन कशासाठी, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. कारखाना बंद पडलाय, रांग लागलीय, आणि फडातली तोड तर चालू ठेवायचीच आहे. मग गाडीवान काय करील? ऊस रस्त्याच्या कडेला ओतील आणि रिकामी गाडी घेऊन परत जाईल. ऊस वाया गेला, पण गाडी मोकळी झाली. पेशीही तेच करते. भरलेल्या गाडीतला हायड्रोजन ती पायरुव्हिक आम्लावरच, म्हणजे आपल्याच अर्धवट मालावर, ओतते. गाडी रिकामी होते, पहिला टप्पा चालू राहतो, आणि २ एटीपी का होईना, मिळत राहतात. आपल्या स्नायूत आणि दह्याच्या जीवाणूंत अशा ओतण्याने लॅक्टिक आम्ल होतं. यीस्ट आधी पायरुव्हिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि मग हायड्रोजन ओततं, त्यामुळे तिथे अल्कोहोल होतं. यीस्टला दारू गाळायची हौस नसते. दह्यातल्या जीवाणूंना आपल्या कढीची काळजी नसते. त्यांना हवी असते रिकामी गाडी. बाकीचं आपण उचलून नेतो.

रस्त्याकडेला ओतलेला ऊस म्हणजे किती माल, त्याचा आकडा पाहा. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जाळलं तर सुमारे २,८०० किलोज्यूल ऊर्जा निघते. त्याच ग्लुकोजपासून यीस्ट ९२ ग्रॅम अल्कोहोल बनवतं, आणि तेवढं अल्कोहोल जाळलं तर २,७०० किलोज्यूलपेक्षा जास्त निघते. म्हणजे साखरेतली ९७ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा यीस्टने तशीच सोडून दिलेली असते. आपल्याकडे कारखान्याच्या शेजारी डिस्टिलरी असते, तिथे मळी आंबवून काढलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, ते याच कारणाने. गाडीच्या इंजिनात जे जळतं, ते यीस्टला हवेअभावी वापरता न आलेलं उसाचं धन आहे.

किण्वन ही जिवंत पेशीचीच करामत आहे, असं पाश्चर मानत. १८९७ साली एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटलं, दाबून त्याचा रस काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, आपण मुरांब्यात घालतो तशी. रसाला बुडबुडे येऊ लागले! एकही जिवंत पेशी नसताना किण्वन चाललं होतं. काम रसातल्या विकरांचं होतं. १९०७ साली त्यांना नोबेल मिळालं. जीवरसायनशास्त्राची सुरुवात इथून झाली असं पुष्कळ जण मानतात.

आता आपल्या अंगाकडे येऊ. सकाळी मैदानावर पंचेचाळिशी उलटलेल्यांचा खो-खो झाला. उद्या सकाळी बऱ्याच जणांना जिना उतरताना देव आठवेल, आणि कुणीतरी सांगेल की ‘मांड्यांत लॅक्टिक आम्ल साचलंय’. ते खरं नाही. पहिले काही सेकंद स्नायू फॉस्फोक्रिएटिन नावाच्या राखीव साठ्यावर पळतो. त्याचा शोधही फिस्के आणि सुब्बाराव यांचाच. त्यानंतर रक्त पुरेसा ऑक्सिजन आणीपर्यंत लॅक्टिक किण्वनाची मदत घेतो. पण तयार झालेलं लॅक्टेट साधारण तासाभरात निघून जातं. काही हृदयाचा स्नायू खाऊन टाकतो, काही यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होतं. हे फिरतं चक्र गर्टी आणि कार्ल कोरी या पतिपत्नींनी दाखवलं. त्यांना १९४७ साली नोबेल मिळालं. उद्याचं दुखणं आहे सवय नसताना ताणल्या गेलेल्या स्नायूतंतूंच्या बारीक इजेचं. दोन-तीन दिवसांत ते उतरतं. लॅक्टेटवर उगीच आळ घेऊ नका. रस्त्याकडेला ओतलेला ऊस शरीर वाया जाऊ देत नाही, परत उचलून आणतं.

काही पेशी तर जन्मभर किण्वनावरच काढतात. रक्तातल्या तांबड्या पेशींना तंतुकणिकाच नसतात. सगळ्या शरीराला ऑक्सिजन पोचवणारी ही मंडळी स्वतः त्यातला कणही वापरत नाहीत. सुमारे १२० दिवसांचं आयुष्य त्या ग्लुकोजमागे २ एटीपीवर काढतात.

स्नायू थोडा वेळ निभावून नेतो, तांबडी पेशी कायमची निभावून नेते. ज्याला निभावता येत नाही, तो मेंदू. आणि मी चिठ्ठी का बदलली नाही, ते इथे येतं.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण आपण आरामात बसलेलो असताना शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के त्याला लागतो. ऑक्सिजन थांबला तर तोही किण्वनाकडे वळतो, पण ३० ऐवजी २ एटीपीवर तेवढंच काम करायचं तर १५ पट साखर हवी. मेंदूत साखरेचा साठा नगण्य, आणि रक्तच थांबलं असेल तर साखरही यायची थांबते. हृदय बंद पडल्यावर साधारण १० सेकंदांत माणसाची शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना कायमची इजा व्हायला लागते. एटीपीची शिल्लक नसते, असं मघाशी म्हटलं, त्याचा अर्थ हा.

यातून दोन गोष्टी घरी न्यायच्या आहेत.

पहिली गोष्ट बंद जागांची. आपल्याकडे पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे. ज्वारीचा दाणा जिवंत असतो, तो श्वसन करतो, त्यातले किडेही करतात. सगळे मिळून आतला ऑक्सिजन संपवतात, किडे मरतात आणि धान्य टिकतं. पण तेच पेव उघडल्या उघडल्या जो आत उतरेल, तोही दोन-चार श्वासांत कोसळेल. म्हणून जुनी माणसं पेव आधी उघडं ठेवायची आणि कंदील सोडून बघायची. मळीची टाकी, आंबवणाची टाकी, जुनी विहीर, गोबरगॅसचा खड्डा, ड्रेनेजची चेंबर, सगळीकडे तोच धोका. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, तो तळाशी बसून राहतो. गटारात आणि शेणाच्या खड्ड्यात तर हायड्रोजन सल्फाइडही असतो. तो मघाच्या माळेचा शेवटचा दुवाच बंद करतो, म्हणजे ऑक्सिजन दारात उभा असूनही त्याला चिपाड उचलता येत नाही. या वायूने कंदील विझत नाही, तेव्हा नुसत्या कंदिलावर विसंबू नका. आणि अशा बातम्यांत नेहमी एकापेक्षा जास्त नावं का असतात? पहिला पडला म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. आपल्यातले कितीतरी जण शेती, कारखाने, नगरपालिका यांत आहेत. आपल्या हाताखालच्या माणसांना सांगा: वरून हाक मारा, दोर टाका, अग्निशमन दलाला बोलवा, पण श्वासासाठी हवेची सोय केल्याशिवाय कुणी मागोमाग उतरू नका.

दुसरी गोष्ट आपल्या वयाची. समजा या मंडपात कुणीतरी अचानक कोसळलं. हाक मारली, खांदा हलवला, ओ देत नाही, श्वास नाही किंवा मध्येच उचकीसारखा आचका येतोय. आपण काय करतो? तोंडावर पाणी मारतो, कांदा हुंगवतो, ‘गर्दी करू नका, वारा घाला’ म्हणतो आणि गाडी काढायला पळतो. आता गाड्यांच्या हिशोबाने बघा. वारा नाकापर्यंत पोचेल, पण पुढे नेणारं रक्त जागचं हललेलं नाही. उलट, अचानक हृदय बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटं ऑक्सिजन शिल्लक असतो. तो तिथेच आहे, फक्त मेंदूपर्यंत पोचत नाही. तो पोचवणारं यंत्र बंद पडलंय आणि ते बाहेरून हाताने चालवता येतं. छाती दाबायची ती एवढ्यासाठी.

रीत सोपी आहे. एकाने १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्याने माणसाला कडक जमिनीवर उताणं झोपवून छातीच्या मधोमध, बरगड्यांना जोडणाऱ्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, तळहाताची टाच ठेवायची, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ. ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण वर येताना हृदयात रक्त भरतं. हात भरून येतात, म्हणून दर दोन मिनिटांनी दुसऱ्याने घ्यायचं. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी चार मिनिटांत आपल्या गावात पोचेलच असं नाही. ती चार मिनिटं शेजारी उभ्या असलेल्या माणसाची असतात.

दोन सूचना डॉक्टरांनी आवर्जून द्यायला सांगितल्या. माणूस शुद्धीत आहे, छातीत दुखतंय म्हणतोय, श्वास चालू आहे, तर छाती दाबायची नाही; त्याला तातडीने दवाखान्यात न्यायचं. आणि बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल, तर नुसतं दाबणं पुरत नाही, तोंडाने श्वासही द्यावा लागतो. तिथे रक्तातला ऑक्सिजन आधीच संपलेला असतो. धडा समजला असेल तर हा फरक पाठ करावा लागत नाही.

आता मागणी. आपण दरवर्षी माजी विद्यार्थी निधीतून शाळेला काही ना काही देतो. पाण्याची टाकी दिली, संगणक दिले. यंदा माझी सूचना अशी, की छाती दाबण्याच्या सरावाचे दोन पुतळे घ्यावेत आणि नववी-दहावीच्या प्रत्येक मुलामुलीला वर्षातून एकदा तासभर सराव मिळावा. श्वसनाचा धडा ज्या आठवड्यात शिकवला जातो, त्याच आठवड्यात. समीकरण फळ्यावर लिहून झालं की पुतळ्याभोवती बसायचं. आपले डॉक्टर वर्गमित्र पहिल्या वर्षी शिकवायला तयार आहेत, आणि विज्ञानाच्या शिक्षकांना शिकवून ठेवलं तर पुढे आपली गरजही उरणार नाही. वाचून हे हातात येत नाही. ५ सेंटिमीटर म्हणजे किती जोर, ते दाबल्याशिवाय कळत नाही.

आपल्यापासून सुरुवात करू. उद्या सकाळी नाष्ट्यानंतर, निरोपाच्या कार्यक्रमाआधी, सभागृहात एक पुतळा ठेवलेला असेल. ज्यांच्या मांड्या साथ देतील त्यांनी गुडघ्यावर बसून दोन-दोन मिनिटं दाबून बघावं. ज्यांच्या देणार नाहीत त्यांनी खुर्चीत बसून मोजावं, आणि मोजताना लॅक्टिक आम्लाला दोष देऊ नये.

सर, बाई, तास संपला. प्रश्न असतील तर विचारा. उत्तर आलं नाही तर बाकावर उभी राहायची माझी तयारी आहे.